तणसाचा ब्रेकर

बेलाटोल्याच्या मारुतीसमोरून जाणारा रस्ता अगदी सरळ आहे, यात रस्त्याचा काही दोष नाही. दोष असलाच तर मारुतीचा. तो आधीपासून तिथे होता, आणि रस्ता येताना दिसत असूनही त्याने एखादा डोंगर उचलून आडवा टाकला नाही. आता तिरोड्याकडून धानाचे ट्रक येतात, चोरखमाऱ्याकडून नागझिऱ्यात वाघ न दिसलेले पर्यटक परत येतात, आणि एवढा सरळ रस्ता मागेपुढे कुठेच नसल्यामुळे दोघेही आपापली हौस नेमकी मारुतीसमोर फेडून घेतात.

निवृत्त पोस्टमास्तर केशोराव रहांगडाले यांना याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्यांना वाटायला लागलं ते गेल्या मार्गशीर्षातल्या कीर्तनापासून. जागेश्वरबुवा द्रौपदीवस्त्रहरण सांगत होते. बुवांचा गळा असा की ऐकणाऱ्याने पुढच्या जन्माची काळजी सोडून द्यावी. भर सभेत द्रौपदीने दोन्ही हात वर केले, बुवांनीही केले, पेटी थांबली, तबला थांबला, आणि बुवांनी आर्त हाक घातली, "धाव रे, कृष्णा, धाव!"

आणि चौदा चाकांचा ट्रक धावला. हॉर्न वाजवत, मंडपाची कनात उडवत, बुवांच्या उपरण्यावर धूळ टाकून निघून गेला. श्रोते हसले. श्रोते अकराच होते, आणि त्यातला एक झोपला होता, पण दहा माणसांचं हसू झालं तरी ते हसूच. बुवांनी झांज खाली ठेवली. आरती कशीबशी आटोपली आणि जाताना ते म्हणाले, "केशोराव, माझा देव धावायच्या आत तुमचा ट्रक धावतो. पुढच्या वर्षी रस्ता तरी थांबवा, नाही तर मला तरी थांबवा."

मंदिर समितीचे अध्यक्ष उदाराम कटरे यांना एवढंच हवं होतं. त्यांचं खत-बियाण्याचं दुकान, त्यामुळे पीक येणार नाही तिथे पेरायचं नाही असा त्यांचा स्वभाव.

"अकरा माणसाईसाठी मंडप टाकाचा का गा, केशोराव?" ते म्हणाले. "त्यातला एक बुवाचा डायवर. पुढच्या साली कीर्तन बंद करू. मोठा पडदा लावू, नागपूरचा ऑर्केस्ट्रा आणू. तो बी भक्तिगीतंच म्हणन."

"या साली एक बार होऊ द्या," केशोराव म्हणाले. "पन्नास माणसं बसवून दाखवतो. नाही बसली तं तुमचा पडदा लावा, मी स्वतः खांब धरतो."

हे बोलून झाल्यावर घरी जाईपर्यंत त्यांना तीन वेळा घाम आला. पन्नास म्हणजे किती, हे पोस्टात तिकिटं मोजताना कळत नाही. गावात कीर्तनासाठी माणसं मोजायला लागलं की कळतं.

केशोरावांचा हिशेब सरळ होता. ट्रक हळू गेले तर आवाज कमी, आवाज कमी तर कीर्तन ऐकू येईल, ऐकू आलं तर माणूस बसेल. म्हणजे सगळं अडलं होतं एका ब्रेकरवर. देवळाच्या अलीकडे रस्त्यावर एक उंचवटा. एवढी लहानशी गोष्ट!

ग्रामपंचायतीने सांगितलं, रस्ता आमचा नाही, बांधकामवाल्यांचा. तेव्हा केशोराव तालुक्याला त्या ऑफिसात गेले. तिथे लक्ष्मीचंदबाबू नावाचे गोड बोलणारे कारकून होते. त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, खुर्ची दिली. पंधरा दिवसांनी केशोराव पुन्हा गेले.

"काकाजी, आपका अर्ज होल्ड पे है," लक्ष्मीचंदबाबू म्हणाले.

पुढच्या वेळी म्हणाले, "होल्ड निघाला. आता पेंडिंग आहे." त्याच्या पुढच्या वेळी मध्येच कुठल्याशा कागदामुळे ब्लॉक झाला होता. आणि दिवाळीनंतर गेले तेव्हा निवडणुका लागल्या होत्या, "आचारसंहिता है, काकाजी. अब तो सब फ्रीझ."

आता माणसाने समजून घ्यावं की केशोरावांचं सगळं आयुष्य वस्तू हलवण्यात गेलं होतं. पत्र आलं की शिक्का, शिक्का झाला की थैली, थैली भरली की गाडी. छत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखाली काही थांबलं असेल तर ते पावसाळ्यात नाला चढला म्हणून, आणि तेही नाल्याच्या परवानगीने. एक गोष्ट न हलवण्यासाठी इतके वेगवेगळे शब्द असतात, हे त्यांना नवं होतं. त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही घेतली आणि त्यात ते शब्द उतरवून आणू लागले. घरी सून योगेश्वरी होती. ती तिरोड्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची.

"मामाजी, होल्ड म्हणजे ढोराचं दावं हातात धरून उभं राहणं," तिने भाजी निवडता निवडता समजावलं. "पेंडिंग म्हणजे दावं खुंटीला टांगून ठेवलं, ढोर कुठं आहे ते कोणाला माहीत नाही. ब्लॉक म्हणजे गोठ्याच्या दारात आडवी बल्ली. आणि फ्रीझ म्हणजे ढोर, दावं, मालक, सगळेच जागच्या जागी गार."

"अजून आहेत का?"

"गंज आहेत, मोजून संपत नाहीत! डिटेन, म्हणजे अटक करत नाही, पण जाऊही देत नाही. क्लॅम्प, म्हणजे शहरात गाडीच्या चाकाला ते पिवळं लोखंड लावतात ना, ते. आपलं लोढणंच समजा. सीझ, म्हणजे तुमचं आता तुमचं राहिलं नाही. आणि इम्पाउंड म्हणजे कोंडवाडा."

केशोरावांनी सगळे लिहून घेतले. मग विचारलं, "आणि सोडाचे शब्द?"

योगेश्वरीने थोडा विचार केला. "ते कमी आहेत, मामाजी."

हा सगळा अभ्यास ते गोठ्यात मैना म्हशीलाही ऐकवत. मैनेशी त्यांचं वेगळंच नातं होतं. चाळीस वर्षं कीर्तनं ऐकून केशोरावांना आख्यानं तोंडपाठ झाली होती, पण चार माणसांत उभं राहून एक ओवी म्हणायची छाती झाली नव्हती. म्हणून ते संध्याकाळी ढेप-कोंडा घालताना मैनेसमोर कीर्तन करत. "रामकृष्णहरी" म्हटलं की मैना समोरचे पाय मुडपून खाली बसायची, आणि आरती होईपर्यंत हलायची नाही. दुलारीबाई म्हणजे केशोरावांची बायको चुलीजवळून ओरडायची, "आरती करा लवकर! दूध काढाचं आहे!" कारण आरतीशिवाय म्हैस उठत नसे. गावातल्या कित्येक श्रोत्यांपेक्षा ही जास्त नेमाची, असं आपण तर म्हणतो.

मार्गशीर्ष लागला आणि गावाला सल्ले देण्याची लहर आली. कोणी म्हणालं, रस्त्यात डांबराचे रिकामे ड्रम ठेवा. कोणी म्हणालं, लाल लुगडं धरून उभे राहा. एकाच्या सल्ल्यावरून केशोरावांनी शेतातल्या बुजगावण्याला खाकी सदरा घालून रस्त्याच्या कडेला उभं केलं. ट्रक खरोखर हळू झाले. पण दुसऱ्याच दिवशी बीटाचे हवालदार भैयालाल आले. बुजगावण्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काका, याचं पोट काऊन एवढं मोठं केलं?" त्यांनी विचारलं.

"तणस जास्त झालं जी."

"हे उतरवा. वर्दीचा अपमान आहे." आणि जाता जाता स्वतःच्या पोटावरून पट्टा एक भोक आत घेत हवालदार निघून गेले.

शेवटी तोडगा काढला रत्नपालने. रत्नपाल मेश्रामचा मंडप-साउंडचा धंदा. भीमजयंती असो, गणपती असो की कोणाचं लग्न, माइक त्याचाच. कीर्तनात काय सांगतात याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, पण जे सांगतात ते साफ ऐकू आलं पाहिजे, याबद्दल तो फार कडक होता.

"काका, सिमेंट टाकलं तं बांधकाम होते," तो म्हणाला. "त्याले परवानगी लागते. तणस टाकलं तं तणसच राहते. आचारसंहिता तणसाले लागत नाही. मांडीएवढा जाड दोर वळा, रस्त्यावर आडवा टाका, वरतून मुरूम टाका. दुसऱ्या दिवशी उचलून घ्या. कोणाच्या बापाचं का जाते?"

केशोरावांनी त्याला तिथेच मिठी मारली. धानाची मळणी नुकतीच झाली होती. गावभर नव्या, पिवळ्या, गोड वासाच्या तणसाचे ढीग पडले होते. कीर्तनाच्या आदल्या दिवशी आठ माणसं बसली आणि दोर वळला. रस्त्यावर नेऊन टाकला तर दोन हात कमी. केशोरावांनी चार पेंढ्या वाढवल्या, पुन्हा पीळ दिला, पुन्हा टाकला. पुन्हा दोन हात कमी, कारण पीळ दिला की दोर आखडतो, ही गोष्ट आठही माणसांना ठाऊक होती आणि आठही जण ती दुसऱ्याला ठाऊक असेल म्हणून गप्प होते. केशोरावांना मात्र कान्ह्याला बांधायला निघालेल्या यशोदामाईची आठवण झाली, आणि त्यांचे डोळे भरून आले. तिसऱ्या वेळी दोर पुरला.

उदारामजी पाहायला आले होते. कीर्तन बंद पडावं असं त्यांना वाटत असलं, तरी सल्ला न देता परत जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"मिठाच्या पाण्यात भिजवा गा," ते म्हणाले. "ओला दोर घट्ट बसते. वाळवी बी लागत नाही."

एका रात्रीत वाळवी लागत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसरीही एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. बेलाटोल्यात माणसं आठशे आहेत आणि ढोरं अकराशे. जन्मभर ज्यांनी ढोरांच्या पुढे तणस टाकलं, मीठ चाटवलं, अशा आठ शहाण्या माणसांनी मिठात भिजवलेल्या ताज्या तणसाचा मांडीएवढा दोर गावाच्या तोंडाशी टाकला, आणि हात झटकून चहा प्यायला गेले.

दोर टाकला कीर्तनाच्या दिवशी सकाळी दहाला. गावातली ढोरं आठलाच चरायला गेली होती. त्यामुळे दिवसभर ब्रेकरने ब्रेकरसारखं काम केलं. ट्रक यायचा, दचकायचा, हळू व्हायचा, गोगलगायीसारखा उतरायचा. केशोराव देवळाच्या ओट्यावर बसून प्रत्येक ड्रायव्हरला नमस्कार करत होते. एकाने उलट नमस्कार केला, तेव्हा तर त्यांना आपण सरकारच आहोत असं वाटलं.

कीर्तन चारला होतं. चारला सतरंजीवर अकरा माणसं होती.

उदारामजींनी मोजली. मग उलटीकडून मोजली. साडेचारला बुवांचा फोन आला, तिरोड्यात गाडीचा पट्टा तुटला, दुरुस्त करून निघतो. पावणेपाचला अकरातला एक उठून गेला. उदारामजी पडद्यासाठी दोन खांबांमधली जागा पावलांनी मोजू लागले. केशोरावांनी ते पाहिलं. पन्नास तर लांबच, उद्यापासून या देवळात झांज वाजणार नाही, आणि ती आपल्याच तोंडच्या शब्दाने बंद पडणार!

पाचला ढोरं परत आली.

सगळ्यांच्या पुढे मैना होती. ती ब्रेकरपाशी आली, थांबली, वास घेतला. मग केशोरावांच्या डोळ्यांदेखत तिने मुरूम थुथनाने बाजूला सारला आणि एक मोठा घास ओढला. पहिल्या घासाला तिने डोळे मिटले. मागून या वाटेने परतणारी दीडशे ढोरं आली आणि रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पंगतीला बसावं तशी, ओळीने लागली.

"हैक! हैक!" गुराखी ओरडला. ढोरांनी त्याला ओळख दिली नाही.

पहिल्यांदा धानाचा ट्रक अडकला. त्याने हॉर्न दिला. म्हशीला हॉर्नचं काही नसतं. त्याच्या मागे दुसरा ट्रक, मग एसटी, मग वऱ्हाडाच्या सहा गाड्या आणि डीजेचा टेम्पो. चोरखमाऱ्याकडून नागझिऱ्याच्या जिप्सी येऊन उभ्या राहिल्या, त्यातल्या माणसांनी वाघासाठी आणलेल्या दुर्बिणी मैनेवर लावल्या. अर्ध्या तासात दोन्हीकडे रांग गेली. थंडी पडायला लागली होती. देवळाच्या आवारात शेकोटी होती, बुवांसाठी ठेवलेल्या चहाला उकळी फुटली होती, आणि सतरंज्या रिकाम्या होत्या. माणूस कुठे बसणार? आधी ड्रायव्हर आले, मग एसटीतल्या बाया आल्या, मग साफे बांधलेलं वऱ्हाड आलं. वऱ्हाडात नवऱ्याकडून लक्ष्मीचंदबाबूही होते. केशोरावांना पाहून त्यांनी साफा जरा कपाळावर ओढला.

बुवांचा पुन्हा फोन आला. "केशोराव, मी दोन किलोमीटर मागे अडकलो आहे. पुढे काय झालं काही कळत नाही. लोक म्हणतात, ढोरं कीर्तनाला बसली आहेत."

उदारामजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "आता पाहा," ते म्हणाले, "माणसं आहेत तं बुवा नाही! पडदा असता तं पेनड्राइव्ह लावला असता. सांगा त्याईले, कार्यक्रम रद्द. भूक लागली, लोकं चिडून राहिले."

दुलारीबाई चहाची किटली घेऊन उभी होती. तिने ती खाली ठेवली.

"रद्द कायले?" ती म्हणाली. "रोज संध्याकाळी भशीले सांगता नं? आज माणसाईले सांगा."

"अवं, पण—"

"पण का? भशीले समजते, तं याईले नाही समजन का?"

केशोरावांनी देवळात ठेवलेला बुवांचा जादा फेटा डोक्याला बांधला. समोर गुळगुळीत सारवलेली, रांगोळी घातलेली जागा होती, नारदाची गादी. या जागेचा एक नियम आहे, तो बुवांनीच त्यांना कधीतरी सांगितला होता. एकदा नमन करून त्या जागेवर कोणी उभा राहिला, की आरती होईपर्यंत त्याला तिथून हलवायचं नाही. राजा आला तरी नाही, आणि मोठा कीर्तनकार आला तरी नाही. केशोरावांना हा नियम आजवर फार गोड वाटत होता. आता तो उलटा वाटला. म्हणजे एकदा उभं राहिलं की पळताही येणार नव्हतं.

ते उभे राहिले. समोर दोन-अडीचशे तोंडं. सगळी आख्यानं एकदम पुसली गेली. त्यांनी तोंड उघडलं आणि छत्तीस वर्षांची सवय बाहेर पडली.

"पुढे या. नंबर सांगा."

हशा पिकला. दूर डोक्यावर पदर घेऊन योगेश्वरी बसली होती, तिने हातानेच लिहिल्याची खूण केली. केशोरावांनी बंडीच्या खिशातून निळी वही काढली, चष्मा लावला, आणि पहिला शब्द वाचला.

"होल्ड."

शेकोटीजवळची माणसंही पुढे सरकली.

"रामकृष्णहरी," केशोराव म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज गोठ्यातला झाला. "मायबापहो, आज तुम्ही सगळे थांबलेले आहात. पण कसे थांबलात, हे कोणाला माहीत आहे? माझा एक अर्ज होता. तो वर्षभर थांबला. मी म्हटलं, बाबा, थांबला म्हणजे काय झालं? तर मला सांगितलं, होल्ड आहे. मग पेंडिंग. मग ब्लॉक. मग फ्रीझ!"

वऱ्हाडातला एक साफा आणखी खाली गेला. रत्नपालने डीजेवाल्याला कोपर मारलं. डीजेवाला त्याचा चुलतभाऊ होता. दोघांनी पळत जाऊन वायर ओढली, आणि पुढच्याच वाक्याला केशोरावांचा आवाज टेम्पोवरच्या स्पीकरच्या आठ डब्यांमधून निघून रांगेच्या शेवटच्या गाडीपर्यंत गेला. तिथली माणसंही उतरून देवळाकडे येऊ लागली.

"आता पाहा, हे सगळे शब्द यशोदामाईने आधीच करून पाहिले होते. कान्हा लोणी घेऊन पळाला. तिने मनगट धरलं, होल्ड! लोणी लागलेलं मनगट, सुटला. दारात आडवी झाली, ब्लॉक! कान्हा पायांमधून गेला. म्हणाली, घरातच बसवून ठेवीन, डिटेन! तर गवळणीच गाऱ्हाणं घेऊन आल्या, आमच्याकडे का आला नाही म्हणून. गोठ्यात कोंडला, इम्पाउंड म्हणजे कोंडवाडा! तर वासरांनीच दार ढकललं. मग म्हणाली, लोढणंच अडकवते. आणलं उखळ. क्लॅम्प! बांधायला दावं घेतलं, तर काय? दोन बोटं कमी."

"दोन बोटं!" एसटीतली एक म्हातारी आपोआप म्हणाली.

"दुसरं दावं जोडलं. दोन बोटं कमी. गोकुळातली सगळी दावी जोडली. दोन बोटं कमी. आम्ही काल तणसाचा दोर वळला, तो दोन हात कमी भरला. आम्हाला पाहून हसला असेल तो."

ट्रकवाले हसले. छत्तीसगडच्या एका ड्रायव्हरने "जय हो महाराज!" म्हणून जोरात टाळी दिली. केशोरावांच्या अंगात आता कोण शिरलं होतं कोण जाणे. ते गात होते, फिरत होते, उपरणं झटकत होते. आणि रस्त्यावर, आठ डब्यांमधून "रामकृष्णहरी" ऐकू आल्याबरोबर मैनेने खाणं सोडलं, समोरचे पाय मुडपले, आणि रस्त्याच्या मधोमध नेमाप्रमाणे बसली. तिचं पाहून बाकीची ढोरंही बसली.

म्हणजे दोर संपला होता, पण रस्ता आता केशोरावांनी अडवला होता.

तेवढ्यात हवालदार भैयालाल शिट्टी वाजवत आत आले. घामाघूम झाले होते. त्यांनी सरळ गादीसमोर येऊन सांगितलं, "काका, रस्ता खोलाचा आहे. काकू सांगून राहिल्या का तुमचं कीर्तन ऐकून भैस बसली. मंग तुमी चूप झाले तं उठन. चूप व्हा. दोन मिनिटाचं काम आहे. नाही तं सगळी ढोरं कोंडवाड्यात टाकतो."

"इम्पाउंड!" सतरंजीवरून पन्नास आवाज एकदम आले, आणि सगळं आवार खदखदून हसलं.

केशोराव मात्र हसले नाहीत. यशोदामाईच्या हातात दावं होतं, कपाळावर घाम आला होता, गोष्ट ऐन टोकावर उभी होती. आणि समोर वर्दी. सरकारी नोकरीतल्या माणसाला वर्दी दिसली की पाय आपोआप मागे येतो. केशोरावांचा उजवा पाय रांगोळीच्या रेघेवर आला.

"पाय आत घ्या, केशोराव!"

आवाज मागून आला. जागेश्वरबुवा होते. दोन किलोमीटर चालून आले होते, धोतराचा काच्या खोचलेला, अंगभर धूळ, धाप लागलेली.

"हवालदारसाहेब," बुवा म्हणाले, "गादीवर उभ्या माणसाला आरतीशिवाय कोणी हलवत नाही. तो नियम माझ्यासाठीही आहे."

"मंग तुमी आले नं? तुमी सांगा कीर्तन."

"जागा भरलेली आहे," बुवा म्हणाले. त्यांनी पिशवीतून झांज काढली, आणि गादीवर न चढता केशोरावांच्या मागे, टाळकऱ्याच्या जागी जाऊन उभे राहिले. "चालू द्या, महाराज. यशोदेला घाम आलाय. किती वेळ ताटकळत ठेवता तिला?"

केशोरावांना पहिल्यांदा कोणी महाराज म्हटलं होतं. त्यांनी डोळे पुसले. भैयालाल इकडे पाहत राहिले, तिकडे पाहत राहिले. कायद्यात असं काही कलम नव्हतं, पण थंडी होती, आणि दुलारीबाईने त्यांच्या हातात कप दिला होता. ते बसले.

"आईच्या कपाळावर घाम आला," केशोराव हळू आवाजात म्हणाले, आणि मागे बुवांची झांज अगदी नाजूक लागली. "ते कान्ह्याने पाहिलं. आणि जो कोणाच्या होल्डमध्ये आला नाही, कोणाच्या ब्लॉकने अडला नाही, त्याने आपलं पोट आत घेतलं. दोन बोटं आत घेतलं, मायबापहो. म्हणाला, बांध, माय. ज्याला कोणी थांबवू शकत नाही, तो स्वतः थांबला. याला इंग्रजीत कोणता शब्द आहे, ते मी माझ्या सुनेला विचारलं नाही. विचारायची गरजच नाही. माझी वही इथे संपते."

कोणी टाळी वाजवली नाही. छत्तीसगडचा ड्रायव्हर गमछ्यात तोंड घालून बसला होता. नवरदेव गाडीतून उतरून कधी मागे येऊन उभा राहिला, ते वऱ्हाडालाही कळलं नव्हतं. बुवांनी आपल्यासाठी आणलेला झेंडूचा हार ताटातून उचलला आणि केशोरावांच्या गळ्यात घातला, कपाळाला बुक्का लावला.

आरती झाली. शेवटची घंटा वाजली, आणि रस्त्यावर मैना उठली, अंग झाडलं, आणि गावाकडे निघाली. तिच्या मागे दीडशे ढोरं. हवालदारांना शिट्टीसुद्धा वाजवावी लागली नाही. पण गाड्या लगेच हलल्या नाहीत, कारण ड्रायव्हर प्रसादाच्या शिऱ्यासाठी रांगेत उभे होते. जिप्सीतल्या एका नागपूरच्या बाईंनी शिऱ्याचं पान हातात घेत सांगितलं, "तीन वेळा नागझिऱ्याला आले, वाघ एकदाही थांबला नाही हो माझ्यासाठी. आज पहिल्यांदा काहीतरी नीट पाहिलं."

उदारामजी खांबाला टेकून उभे होते. ते मोजत होते. केशोराव समोर आले तेव्हा त्यांनी बोटं सोडून दिली.

"चारशे बारा," ते म्हणाले. "ढोरं धरली नाही." मग जरा थांबून, "मिठाचा सल्ला मीच देल्लो होतो, हे ध्यानात ठेवजा."

"पडद्याचे खांब कुठं धरायचे, अध्यक्ष?" केशोरावांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"कायचा पडदा? पुढच्या साली सतरंज्या जास्त लागतीन, त्याचं बोला."

"पुढच्या वर्षी पूर्वरंग केशोराव महाराज, उत्तररंग मी," बुवांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

लक्ष्मीचंदबाबू साफा हातात घेऊन आले. "काकाजी," ते म्हणाले, "वो यशोदा मैया वाली बात... निवडणूक होऊ द्या. आपका काम मैं खुद करूंगा." आणि त्यांनी खरंच केलं. आचारसंहिता उठल्यावर पंधरा दिवसांत सिमेंटचा ब्रेकर पडला, पांढऱ्या पट्ट्यांसकट. कागदावर "मंजूर" असं लिहिलेलं होतं. केशोरावांनी तो कागद निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवला.

आता ट्रक तिथे हळू होतात. पण ब्रेकर ओलांडल्यावरही काही गाड्या जोर धरत नाहीत. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओट्याकडे पाहतो आणि विचारतो, "महाराज, अगला कब?" केशोराव हात वर करून सांगतात, "मार्गशीर्षात! येजो!"

संध्याकाळी ढोरं परत येतात. मैना रोज त्या सिमेंटपाशी थांबते, वास घेते, आणि मान वळवून केशोरावांकडे अशी पाहते की पाहणाऱ्याला लाज वाटावी. मग केशोराव इकडेतिकडे बघून ओट्यावरून उतरतात आणि बंडीच्या खिशातून मिठात भिजवलेल्या तणसाची मूठ काढून तिच्यापुढे धरतात. कीर्तनाला आलेल्या श्रोत्याला प्रसादाशिवाय पाठवायचं नसतं.